दूध उकळलेलं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. आई तर जाईपर्यंत विचारत होती, "तू काहून अशी झालीस गं?" — आणि मी दर वेळी कामाचा व्याप सांगून मोकळी झाले. नरसीच्या देवळात कितीदा गेले, हात जोडले, लेकराबाळांना सुखी ठेव म्हटलं आणि पायऱ्या उतरले. देवाला सगळं ठाऊक असतं, मग आपण कशाला उगाळायचं? असं स्वतःला समजावणं फार सोपं जातं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही.

एकदम सांगता येणार नाही. जरा आडवळणानं येऊ द्या मला.

मी अंगणवाडीची बाई. आमचं गाव बाळापूरहून पायी तासाभराचं. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. दहावी झालेली सून गावात मी एकटी, त्यामुळे तोरा होताच. जीभही तिखट — माझ्या वाटेला सहसा कुणी जात नसे. अंगणवाडीच्या भिंतीला चित्रांचा तक्ता होता. एका चित्रात एक बाई लेकराची शी धुऊन साबणानं हात धुते आहे. ते चित्र मी बायांना इतक्या वेळा दाखवलं, की त्या मला रस्त्यात बघितलं तरी थट्टेनं हात चोळून दाखवायच्या. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

त्या हिवाळ्यात आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. तूर निघाली की रान मोकळं होतं. मग धनगराचा कळप तिथं मुक्कामाला ठेवायचा, लेंड्यांचं खत आयतं मिळतं, बदल्यात त्यांना ज्वारी द्यायची. मारोती आणि भागाबाई हे नवराबायको, आणि त्यांची दोन वर्षांची चिंगी. कळपात पाचसहा दुभत्या शेळ्या होत्या. भागाबाई सकाळी चरवीभर दूध आणायची आणि चिंगीला अंगणवाडीत सोडून जायची. चिंगीचं नाव माझ्या यादीत नव्हतं, तरी मी तिला खिचडी वाढायचे. बघा — चांगलं वागले ते कसं झटकन आठवतं.

भागाबाईशी माझं जमायचं. ती कमी बोलायची आणि माझं ऐकून घ्यायची. मला लग्नानंतर सात वर्षांनी पप्पू झाला. त्या सात वर्षांत गावानं मला काय काय ऐकवलं, हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं. हळदीकुंकवाला मला टाळायच्या बाया. एकीनं तर तिच्या बाळाच्या पाळण्याला हात लावू दिला नव्हता. मी ते सगळं ध्यानात ठेवलं होतं, नावानिशी.

म्हणून पप्पूचं बोरन्हाण मला करायचंच होतं. आदल्या संक्रांतीला घरात सुतक पडलं, राहून गेलं. या वर्षी पोरगं दीड वर्षाचं, काळं झबलं शिवलेलं, हलव्याचा मुकुट केलेला, घराघरांत आवतण गेलेलं. त्याच बायांनी माझ्या अंगणात यावं आणि माझ्या लेकराच्या अंगावरून पडलेली बोरं त्यांच्या लेकरांनी वेचावीत — मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. एवढी साधी हाव. तुम्ही हसाल.

आदल्या दिवशी पप्पूला उलट्या सुरू झाल्या. दुपारपासून जुलाब. तीन दिवसांपूर्वी मी त्याला घेऊन हिंगोलीला बहिणीकडे जाऊन आले होते, तिच्या लेकराला हेच लागलं होतं. सासूबाई म्हणाल्या, दात येऊन राहिले. आमच्याकडे लेकराला पातळ झालं की दातावर ढकलायची रीतच आहे. दात दिसोत न दिसोत. मीही तेच म्हणाले. पण तो वास दाताचा नव्हता. आंबट, कुजका, पाण्यासारखं पांढरट पिवळं. मी त्याला जलसंजीवनीची पुडी पाण्यात घोळून चमच्या-चमच्यानं पाजली, अगदी तक्त्यावर लिहिलंय तसं. बोरन्हाण मात्र पुढं ढकललं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. पाटावर पप्पू, भोवती वीसेक लेकरं, सुपात बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या. पहिलं माप ओतायच्या आत त्यानं झबल्यात केलं. मी त्याला उचलून न्हाणीकडे नेलं. भागाबाई दूध घेऊन आलेली, तिनंच तांब्यानं पाणी घातलं, मी धुतलं. ती म्हणाली, "बाई, लई पातळ व्हऊन राहिलं याला, आज ऱ्हाऊ द्या की." मी म्हटलं, दाताचं आहे. साबण न्हाणीच्या कोनाड्यातच होता. बाहेर बाया गाणं म्हणत होत्या, मला बोलावत होत्या. मी हात पदराला पुसले.

आणि त्याच हातांनी सूप कालवलं. मापं भरभरून त्याच्या डोक्यावर ओतली. लेकरं तुटून पडली — जमिनीवरून, पाटाखालून, एकमेकांच्या हातातून हिसकून तोंडात. आपल्याकडे बोरन्हाणाला तेच तर हवं असतं. भागाबाईचं दूध मी मोठ्या पातेल्यात उकळलं, साखर घातली आणि सगळ्यांना वाटीवाटीभर दिलं. चिंगीसुद्धा होती त्यात. तिनं ओच्यात खूप बोरं गोळा केली होती.

तिसऱ्या दिवशी गाव आडवं झालं. गाव म्हणजे गावातली लहान लेकरं. मोठ्यांना फारसं काही नाही. आधी भडभडून उलटी, मग जुलाब, थांबतच नाहीत. तुम्ही असं लेकरू बघितलंय का? दोन दिवसांत डोळे आत जातात, टाळू बसते, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. आणि रडतं तेव्हा डोळ्यांतून पाणी येत नाही. घराघरांत म्हाताऱ्यांनी पाणी तोडलं — पोटात पाणी घातलं की पाणीच पडणार, हा त्यांचा न्याय. दोघातिघांच्या पोटावर तापवलेल्या बिब्याचे डाग दिले. वर्षाच्या लेकराला चौघांनी हातपाय धरून ठेवायचं आणि बेंबीभोवती चटके द्यायचे. त्या किंकाळ्या गल्लीत ऐकू यायच्या आणि मी पुड्यांची पिशवी घेऊन त्याच गल्लीतून चालत होते.

हो, पुड्या वाटल्या मी. पण कशा? दारातून. पुंजारामच्या घरी त्याची आई म्हणाली, पाणी नको बाई, उगं मारसाल पोरीला. एरवी मी त्या म्हातारीला उभी-आडवी झोडपली असती, पोरगी मांडीवर घेऊन स्वतः पाजलं असतं. त्या दिवशी मी पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि निघाले. आत बसले असते तर कुणीतरी विचारलं असतं, बोरन्हाणाच्या दिवशी तुझ्या पोराला काय झालं होतं? एव्हाना माझा पप्पू बरा होऊन अंगणात कोंबडीमागे धावत होता.

पुंजारामची पोरगी पाचव्या दिवशी सकाळी जीपमध्ये गेली, बाळापूरच्या अलीकडेच. चौदा महिन्यांची होती. राणी नाव.

जीप परत आली. पुंजारामनं पोरीला बायकोच्या ओटीत ठेवलं आणि कुऱ्हाड घेऊन सरळ माझ्या दाराशी आला. मागे तीसचाळीस माणसं. मी घरोघर फिरायला म्हणून निघालेली, खांद्याला पिशवी, पिशवीत चार पुड्या उरलेल्या. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या घरी खाल्लं लेकरायनं. काय खाऊ घातलं, ते सांगा."

सासूबाई माझ्या मागे, पप्पू त्यांच्या कडेवर. कुऱ्हाडीच्या दांड्यावर पुंजारामची बोटं पांढरी पडली होती. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी इतकी वर्षं घोळवलंय. मला मारलं असतं? कदाचित. पप्पूला? ते सांगता येत नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मी पप्पूचा विचार केलाच नाही. त्या बायांची तोंडं दिसली मला, बस. वांझेला पोर झालं आणि गावाची लेकरं खाल्ली — हे पुढं जन्मभर ऐकायचं. मी म्हणाले, "बोरं माझी, मुरमुरे माझे. दूध माझं नव्हतं."

एवढंच. दूध मी स्वतः उकळलं होतं, उतू जाऊन चूल विझली होती, इतकं. ते मी बोलले नाही. आणि लोकांना तेवढं पुरलं. बाहेरचे, रानात राहणारे, आंघोळीचा पत्ता नसलेले — बाकीचं त्यांनी आपापसात पूर्ण केलं, रस्त्यानं चालता चालताच. मी घरात जाऊन कडी लावू शकले असते. त्यांच्या मागोमाग गेले. काहून गेले? आपण नाही गेलो तर संशय येईल, म्हणून.

मारोती वाघर बांधत होता, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं. त्यानं रामराम घालायला हात वर केला आणि पहिली काठी त्याच हातावर बसली. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला, तर पाठीत, मानेवर, मग लाथा. आमच्या गावची माणसं ती, रोज मला रामराम करणारी. दुभत्या शेळ्या निवडून काढल्या. एकाला कासेवरच कुऱ्हाड घालायची होती, दूध तिथूनच आलं म्हणून. शेळी उभ्याउभ्या ओरडत राहिली, दूध आणि रक्त एकात एक खाली गळत होतं. मेंढ्या जाळ्यात गुंतून एकमेकींवर चढल्या, तर त्यांच्यावरही काठ्या. त्यांचं पाल, म्हणजे राहायचा तंबू, पेटवायला कुणी काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. चांगलं ऊन पडलं होतं. सगळं लख्ख दिसत होतं.

भागाबाईला दोघांनी केसांना धरून आणलं. तिची नजर माझ्यावर पडली आणि — हे लिहिताना मला आता पाणी प्यावं लागलं — तिला हायसं वाटलं. आपलं माणूस आलं, अशा नजरेनं बघितलं तिनं. म्हणाली, "बाई, तुमी तरी सांगा यायला." सगळे माझ्याकडे वळले. तिची चरवी पायाशी पडली होती, पितळेची, जड. मी ती उचलली आणि तिच्या तोंडावर मारली.

एकदा नाही. दोनदा. दुसऱ्यांदा दात पडले, तिच्या हातावरच पडले, ती त्यांच्याकडे बघत राहिली.

गाव पुढं म्हणत राहिलं, बाईचा जीव लेकरांसाठी तुटला, राग अनावर झाला. मीही म्हणू दिलं. माझा राग सगळ्यांना ठाऊक होता, तो कामी आला. पण मला राग आलेला नव्हता. डोकं माझं थंड होतं, आजही आठवतं किती थंड. भागाबाईनं "तुमी तरी सांगा" एवढंच म्हटलं नव्हतं. पुढं तिनं तोंड उघडलं होतं — "आवं, पप्प्याला तर आदल्या दिशीपसून—" इथपर्यंत आली ती. ते वाक्य पुरं होऊ नये, म्हणून मी मारलं. ज्या तोंडातून ते निघत होतं, त्या तोंडावर नेमकं.

हे आहे ते. एवढ्यासाठी इतकं फिरून आले.

आणि हेही पुरं नाही.

पाल पेटायच्या आधी मी आत वाकून बघितलं. चिंगी गोधडीवर पडली होती, खाली सगळं ओलं. डोळे आत गेलेले, ओठ कोरडे, जीभ टाळ्याला चिकटलेली. तिलाही तेच लागलं होतं, आणि दूध विकणाऱ्याचीच पोरगी त्या दुधानं मरणाला टेकलेली, हे बघून कुणीही थांबलं असतं — मी फक्त ओरडून सांगायचं होतं. मी तिला ओढून बाहेर काढलं, तिच्या आईच्या अंगावर टाकलं आणि बाजूला झाले. एवढं केलं मी. पिशवीत चार पुड्या होत्या. एक पुडी, एक तांब्या पाणी, चमचा नसला तर बोटानं — मीच शिकवत होते ना सगळ्यांना? पण धनगरणीच्या पोरीला औषध देताना मला गावानं बघावं, हे मला नको होतं. पिशवी मी काखेत दाबून धरली.

ते दुपारी गेले. मारोतीला घोड्यावर आडवं टाकलं होतं, भागाबाई तोंडाला लुगड्याचा बोळा धरून पुढं चाललेली, चिंगी पाठीशी बांधलेली. मागे निम्मा कळप. मी बांधावरून बघत होते. चिंगीची मान हलत होती, पण चालण्यानं हलत होती की कशानं, ते कळलं नाही.

पोलीस आले. मी जबाब दिला की मी घरी होते. दवाखान्याची माणसं आली, विहिरीत पावडर टाकली, पुड्या वाटल्या. दुसरं लेकरू गेलं नाही. त्या वर्षी तालुक्याच्या बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक झालं, साथीत घरोघर फिरले म्हणून. मी ते कौतुक घेतलं, टाळ्या वाजेपर्यंत उभी राहिले.

पुढं बऱ्याच वर्षांनी, जिल्हा होऊनही जुना झाला होता तेव्हा, हिंगोलीला एक प्रशिक्षण लागलं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर समजावून सांगितलं. लहान लेकरांना थंडीत जे असे उलट्या-जुलाब होतात, त्यामागे बहुतेक वेळा एक विषाणू असतो, रोटा त्याचं नाव. लेकराच्या शीतून तो हाताला लागतो, हातावरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. जुलाब थांबल्यावरही काही दिवस जात राहतो. मी हात वर केला. विचारलं, शेळीच्या उकळलेल्या दुधातून येतो का? त्या म्हणाल्या, "उकळलेल्या दुधातून कसा येईल, ताई?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मला ते नाव त्या दिवशी कळलं, बाकी सगळं न्हाणीत हात पुसले तेव्हाच कळलेलं होतं. राणीला मारलं ते माझ्या हातांनी की तिच्या आजीनं पाणी तोडल्यानं, असा वाद मी मनात पुष्कळ घातला. एका बाईच्या तोंडावर चरवी कुणी मारली, यात वाद नाही.

आता शेवटचं. पप्पू कॉलेजात जाऊ लागला त्या वर्षी आम्ही दोघं बाळापूरच्या बाजारात गेलो होतो. मेथी निवडत होते, तर समोर एक बाई घोंगड्या घेऊन बसलेली. आधी ओठ ओळखला मी. वरचा ओठ मध्ये फाटून वेडावाकडा जुळलेला, आत दात नाहीत. पळावंसं वाटलं, पण तिनं बघितलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या मागे उभ्या पप्पूकडे, वर मान करून, कारण तो उंच झालाय. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान मला दिसला नाही. हवा निसटत होती तिच्या बोलण्यात, शब्द नीट लागायला वेळ लागला.

"ह्यो पप्प्या व्हय, बाई?" ती म्हणाली. "तव्हा लई आजारी होतं लेकरू. बरं झालं, जगलं."

मी म्हटलं, व्हय.

ती थांबली. माझ्याकडे बघत थांबली, आता मी काहीतरी विचारीन म्हणून. बाजार चालू होता, कुणीतरी तिला घोंगडीचा भाव विचारत होतं, तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी मेथीची जुडी पिशवीत टाकली, पप्पूला म्हटलं चल, एसटी चुकेल. पप्पूनं वाटेत विचारलं, कोण होती ती? मी म्हटलं, पूर्वी दूध घालायची आपल्याकडे.

चिंगी त्या दुपारी रस्त्यात गेली, की जगली, की आज तिचीच लेकरं आहेत — मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.